तपासणारा कोण, हे आधी पाहा: नोकरी सांभाळून ऑनलाइन शिकू इच्छिणाऱ्या वाणिज्य पदवीधरास उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. बी.कॉम. होऊन आपल्याला सहा वर्षे झाली, सध्या आपण सातारा जिल्ह्यातील एका मालवाहतूक व्यवसायाच्या कार्यालयात हिशेब पाहता, आणि रात्री जेवणे झाल्यावर दीड-दोन तास आपल्याला मोकळे मिळतात. व्यवसाय व्यवस्थापन, व्यावसायिक लेखन आणि संगणक प्रोग्रॅमिंग हे तीनही विषय आपल्याला शिकायचे आहेत. पदवी घ्यावी की प्रमाणपत्रे घ्यावीत, आणि सुरुवात कशापासून करावी, असे आपण विचारले आहे. शिवाय एका खासगी संस्थेने या तीनही विषयांचा एकत्रित अभ्यासक्रम मासिक हप्त्यांवर देऊ केला आहे, एकूण रक्कम लाखाच्या वर जाते, आणि या आठवड्याअखेर निर्णय कळवावा असा त्यांचा आग्रह आहे. त्या शेवटच्या गोष्टीला मुदत घातलेली असल्यामुळे तिचे उत्तर आधी देते: तो करार या आठवड्यात करू नये. त्याची कारणे पुढे ओघात येतील.

मी एका तालुक्याच्या ठिकाणी वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयात १९ वर्षे संगणक विषय शिकवते आहे, आणि त्यांपैकी ९ वर्षे एनपीटेल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या उपक्रमाच्या आमच्या स्थानिक केंद्राची समन्वयक म्हणून विद्यार्थ्यांची नोंदणी, गृहपाठाची आठवण आणि परीक्षेची तयारी हे सारे माझ्याकडे आहे. या काळात उत्साहाने नाव नोंदवून तिसऱ्या आठवड्यात गळालेले विद्यार्थी मी फार पाहिले. हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत नाव घालणाऱ्यांपैकी शेवटपर्यंत पोहोचणारे सहसा शेकडा पंधराहूनही कमी असतात, असाच जगभरचा अनुभव आहे. पण टिकणारे आणि गळणारे यांच्यात मला बुद्धीचा फरक दिसला नाही. फरक दिसला तो इतकाच, की टिकणाऱ्याचे काम दर आठवड्याला कोणीतरी पाहत होते आणि चूक असेल तर परत करत होते. चित्रफीत पाहताना सगळे समजल्यासारखे वाटते. ते वाटणे खोटे नसते, पण ते शिक्षकाच्या समजुतीच्या आधारावर उभे असते, आणि चित्रफीत बंद होताच तो आधार निघून जातो. म्हणून कोणत्याही अभ्यासक्रमाचे माहितीपत्रक हाती आले की शिक्षक कोण आहेत, किती तासांचे ध्वनिचित्रमुद्रण आहे आणि प्रमाणपत्रावर कोणाचे बोधचिन्ह आहे हे पाहण्याआधी एकच प्रश्न विचारावा: माझे काम कोण तपासणार, किती दिवसांत, आणि चुकले तर ते मला कशावरून कळणार? आपण निवडलेल्या तीन विषयांत या प्रश्नाची उत्तरे तीन वेगवेगळी आहेत, आणि कोणता विषय कुठे आणि कसा शिकावा हे मी त्यावरूनच ठरवते.

प्रोग्रॅमिंगपासून सुरुवात करते, कारण घरबसल्या शिकण्यास तीनही विषयांत हा सर्वांत अनुकूल आहे. तपासणारा आपल्यासमोर टेबलावरच असतो. आपण लिहिलेला प्रोग्रॅम संगणक चालवून पाहतो, चूक असेल तर थांबतो, आणि रात्री साडेअकरा वाजताही कंटाळत नाही. एनपीटेल हा आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००३ मध्ये सुरू केलेला उपक्रम आहे. २०१४ पासून त्यात परीक्षा व प्रमाणपत्रासह अभ्यासक्रम चालतात, आणि जुलै २०१७ मध्ये आलेल्या केंद्र सरकारच्या स्वयम या मंचावर ते उपलब्ध आहेत. नाव नोंदवणे विनामूल्य असते. परीक्षा द्यायची असेल तरच शुल्क भरावे लागते, आणि ते माझ्या अनुभवात एका विषयाला हजार रुपयांच्या आसपास राहिले आहे. अभ्यासक्रम ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे असतात. प्रोग्रॅमिंगच्या गृहपाठात काही चाचण्या आपल्याला दिसतात आणि काही लपवलेल्या असतात, त्यामुळे दिसणाऱ्या उदाहरणापुरते उत्तर जुळवून पुढे सरकता येत नाही. अंतिम गुणांत गृहपाठाचा वाटा २५ आणि परीक्षेचा ७५ असतो. प्रमाणपत्रासाठी गृहपाठात २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० गुण, असे दोन्हीकडे स्वतंत्रपणे मिळवावे लागतात. परीक्षा केंद्रावर जाऊन, पर्यवेक्षकांसमोर द्यावी लागते. ही गैरसोय वाटली तरी प्रमाणपत्राला जी किंमत आहे ती तिच्यामुळेच आहे.

अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्या वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना मी आयआयटी रोपडचा ‘द जॉय ऑफ कम्प्युटिंग युझिंग पायथन’ हा १२ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुचवते. पायथन ही प्रोग्रॅमिंगची एक भाषा आहे. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे प्राध्यापक माधवन मुकुंद यांचा पायथनमधून डेटा स्ट्रक्चर्स (माहितीच्या मांडणीचे प्रकार) आणि अल्गोरिदम (प्रश्न सोडवण्याच्या पायऱ्या) शिकवणारा ८ आठवड्यांचा अभ्यासक्रम माझ्या मते अधिक नेटका आहे, परंतु तो दुसऱ्या फेरीत घ्यावा, पहिल्या फेरीत त्याची गती झेपत नाही. इंग्रजीतील व्याख्याने सुरुवातीला जड वाटली तर आयआयटी मुंबईत प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प पाहावा. त्यात सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ आहेत आणि त्यांपैकी पुष्कळ मराठीतही ऐकता येतात. त्या प्रकल्पाने सांगितलेली शिकण्याची रीत मला फार मोलाची वाटते: पडद्याच्या एका अर्ध्या भागात पाठ ठेवावा, दुसऱ्या अर्ध्या भागात स्वतःचे काम उघडावे, आणि पाठात जे केले ते थांबवून थांबवून स्वतः करावे. ही रीत कोणत्याही संस्थेच्या चित्रफितीला लावता येते. भ्रमणध्वनीवर पाहून प्रोग्रॅमिंग येत नाही, हे मी दरवर्षी पहिल्याच दिवशी सांगते. आपल्याकडे संगणक नसेल तर त्या संस्थेच्या पहिल्या दोन-तीन हप्त्यांच्या पैशांत वापरलेला चांगला लॅपटॉप घ्यावा, तो अधिक उपयोगी पडेल.

आपण हिशेबाचे काम करता, हे प्रोग्रॅमिंगच्या दृष्टीने मोठे भांडवल आहे. विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी कृत्रिम उदाहरणे द्यावी लागतात, आपल्याकडे खरी आहेत. उदाहरणार्थ, भाडेवसुलीची उधारी घ्या. प्रत्येक ग्राहकाकडे किती रक्कम ३० दिवसांच्या आत आहे, किती ३१ ते ६० दिवसांची झाली, किती ९० दिवस उलटून गेली, हे पत्रक दर महिन्याला बहुतेक कार्यालयांत हाताने तयार होते. पायथनचे सहा-सात आठवडे झाल्यावर हे पत्रक तयार करणारा प्रोग्रॅम आपल्याला लिहिता आला पाहिजे, आणि तो लिहिताना जी अडचण येईल ती कोणत्याही पाठात सहसा भेटत नाही. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने असाच प्रोग्रॅम लिहिला आणि पत्रकात काही ग्राहकांची उधारी अजून सुरूच न झालेल्या महिन्यातील दिसू लागली. दोन रात्री शोधल्यावर कारण सापडले. एक्सेलमध्ये संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची होती. त्यामुळे ५ एप्रिल अशा अर्थाने लिहिलेले ०५-०४ हे एक्सेलने ४ मे असे वाचले, आणि २५-०४ मधला पंचविसावा महिना अस्तित्वातच नसल्याने ती तारीख तशीच मजकूर म्हणून राहू दिली. म्हणजे महिन्याच्या पहिल्या बारा तारखांत गोंधळ, आणि पुढच्या तारखा तारीख म्हणून मोजल्याच जात नाहीत. प्रोग्रॅम कुठेही अडला नव्हता, तक्रार करत नव्हता, आणि तरी उत्तर चुकलेले होते. संगणक हा न थकणारा परीक्षक असला तरी त्याला व्याकरणाची चूक दिसते, अर्थाची दिसत नाही. अर्थाची चूक पकडण्यासाठी त्या व्यवसायाचे ज्ञान असलेला माणूस लागतो, आणि ते ज्ञान आपल्याकडे आधीच आहे. म्हणूनच हिशेबनिसाने प्रोग्रॅमिंग शिकावे असे मला मनापासून वाटते.

एक गोष्ट येथेच सांगून ठेवते. आता प्रश्न टाकला की तयार प्रोग्रॅम लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सहज मिळतात. पहिले तीन महिने ती गृहपाठासाठी वापरू नयेत. चूक दाखवणाऱ्या संदेशाची शेवटची ओळ आधी वाचावी, पायथनमध्ये चुकीचा प्रकार तिथेच लिहिलेला असतो, आणि मग आपल्या मजकुरात कोणत्या ओळीकडे बोट दाखवले आहे ते पाहावे. ही सवय लागल्यानंतर त्या साधनांचा उपयोग जरूर करावा, कारण तोपर्यंत त्यांनी दिलेले उत्तर बरोबर आहे की नाही हे आपण ठरवू शकाल.

आता व्यवसाय व्यवस्थापन. या नावाखाली हिशेब, वित्त, विपणन, मनुष्यबळ, कायदा असे अनेक विषय येतात, आणि ‘कोण तपासणार’ या प्रश्नाचे उत्तर त्या प्रत्येकासाठी निराळे आहे. हिशेबाला स्वतःची तपासणी असते. कीर्द (रोजच्या व्यवहारांची नोंद) लिहिली, खतावणी (त्या नोंदींची खातेवार मांडणी) केली, तेरीज (सर्व खात्यांच्या शिलकांचा तक्ता) काढली आणि दोन्ही बाजूंची बेरीज जुळली नाही, तर कुठेतरी चूक आहे हे कोणी न सांगताही कळते. पण तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असे मात्र म्हणता येत नाही. एखादी रक्कम चुकीच्या खात्यात, परंतु योग्य बाजूला लिहिली गेली, तर तेरीज बिनतक्रार जुळते. वर सांगितलेल्या तारखांच्या घोटाळ्याशी हे किती मिळतेजुळते आहे ते आपल्या लक्षात आले असेल. टॅलीवर रोज काम करणाऱ्या अनेक पदवीधरांना एखादी नोंद नावे (डेबिट) का आणि जमा (क्रेडिट) का, हे विचारले तर सांगता येत नाही, कारण आज्ञावली ती बाजू परस्पर भरते. आपल्याबाबतीत तसे असेल तर त्यात संकोच नको, पण कोणताही व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम सुरू करण्याआधी एक महिना कागदावर हाताने नोंदी कराव्यात. पन्नास व्यवहार, त्यांची खतावणी, तेरीज आणि ताळेबंद. बंगळुरूच्या आयआयएमकडे स्वयमवरील व्यवस्थापन विषयांचे राष्ट्रीय समन्वयन आहे, आणि आयआयटींचेही या विषयांवरचे अभ्यासक्रम एनपीटेलवर असतात. त्यांतील वित्तीय लेखांकन किंवा खेळते भांडवल यांवरचा एखादा अभ्यासक्रम त्यानंतर घ्यावा.

विपणन, नेतृत्व, धोरण या विषयांची गोष्ट वेगळी आहे. हे विषय चर्चेतून शिकले जातात. एखाद्या व्यवसायाची परिस्थिती समोर ठेवून वर्गातील चाळीस माणसे चाळीस बाजूंनी बोलतात, आपले मत कोणीतरी खोडून काढतो, आणि त्यातून विचार पक्का होतो. एकट्याने व्याख्यान ऐकून आणि बहुपर्यायी प्रश्न सोडवून त्यातील संज्ञा पाठ होतात, विचार पक्का होईलच असे नाही. म्हणून या विषयांची सुटी प्रमाणपत्रे जमवण्यात आपण सध्या वेळ घालवू नये, असे माझे मत आहे. पुढे नियमित सहाध्यायी आणि थेट वर्ग असलेला एखादा एमबीए आपण घेतलात, तर हे विषय तिथे त्यांच्या जागी येतील.

व्यावसायिक लेखनाविषयी मला सर्वांत जास्त सांगायचे आहे, कारण याच विषयात ऑनलाइन अभ्यासक्रम सर्वांत कमी पडतात आणि याच विषयाची गरज आपल्या वाणिज्य पदवीधरांना सर्वांत अधिक आहे. विषयाचे शुद्ध ज्ञान असलेली, कष्टाळू मुले केवळ एक पान नीट लिहिता येत नाही म्हणून मागे राहतात, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की त्याचे दुःख आता सवयीचे व्हायला हवे होते, पण होत नाही. अडचण अशी आहे की लेखन तपासायला माणूस लागतो. हजारो विद्यार्थी असलेल्या अभ्यासक्रमात प्रत्येकाचे पत्र वाचायला माणसे नसतात, म्हणून परीक्षा बहुतेक बहुपर्यायी होते: पुढीलपैकी पत्राचा योग्य समारोप कोणता? या प्रश्नाचे उत्तर बरोबर देणाऱ्याला पत्र लिहिता येतेच असे नाही. काही परदेशी मंचांवर सहाध्यायांनीच एकमेकांचे लेखन तपासण्याची पद्धत आहे. ती त्यापेक्षा बरी आहे, पण तपासणाराही आपल्यासारखाच शिकाऊ असल्याने ‘छान लिहिले आहे’ यापलीकडे फारसे काही हाती येत नाही.

म्हणून लेखनाच्या अभ्यासक्रमाला पैसे द्यायचे असतील तर एकच अट घालावी: दर आठवड्याला मी लिहिलेले किमान एक पान शिक्षक स्वतः वाचून, ओळींवर खुणा करून परत देणार का? नाही असे उत्तर आले तर तो अभ्यासक्रम विनामूल्य असेल तेवढाच ऐकावा, आणि तपासणारा माणूस स्वतः शोधावा. आपल्या जुन्या महाविद्यालयातील भाषेचे शिक्षक, कार्यालयातील अनुभवी वरिष्ठ, निवृत्त बँक अधिकारी, यांपैकी कोणीतरी आठवड्यातून एक पान वाचायला सहसा नकार देत नाही. विचारणारे मात्र फार थोडे असतात.

काय लिहावे, हे आपल्या कामातूनच घ्यावे. थकलेल्या बिलाच्या स्मरणपत्राचे उदाहरण पाहू. आमच्याकडे येणारी मुले असे पत्र बहुधा पुढीलप्रमाणे लिहितात: ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आपल्या नावे असलेली येणे रक्कम अद्यापपावेतो प्राप्त न झाल्याने सदर बाबत योग्य ती कार्यवाही करण्यात यावी ही विनंती.’ या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. पण कोणते बिल, किती रक्कम, केव्हापर्यंत भरावी, कुठे भरावी, आणि काही वाद असेल तर काय करावे, यांपैकी काहीच त्यात नाही. ते मिळालेला माणूस पत्र बाजूला ठेवतो, आणि त्याला दोष देता येत नाही. आता हे पाहा: ‘आपले १२ मार्चचे बिल क्रमांक २१४, रक्कम ४८,६०० रुपये, याची मुदत ११ एप्रिलला संपली आहे. कृपया ही रक्कम ३० एप्रिलपर्यंत खालील खात्यात जमा करावी. मालाच्या नुकसानीबाबत किंवा वजनाबाबत आपली काही तक्रार असल्यास २५ एप्रिलपूर्वी कळवावी, म्हणजे ती तपासून बिलात दुरुस्ती करता येईल.’ तीनच वाक्ये आहेत, भाषा सभ्य आहे, आणि वाचणाऱ्याला पुढे काय करायचे ते समजते. तक्रारीचे वाक्य मी मुद्दाम घातले आहे, कारण मालवाहतुकीत बिल थकण्याचे कारण पुष्कळदा पैशांची टंचाई नसून न बोललेली तक्रार असते. ते वाक्य ज्याला सुचते त्याला व्यवसाय कळलेला असतो. लेखन आणि व्यवसाय हे दोन विषय येथे वेगळे राहतच नाहीत.

तपासणीची एक घरगुती पद्धत मी विद्यार्थ्यांना देते. लिहिलेले पान रात्रभर ठेवावे, सकाळी मोठ्याने वाचावे, आणि मग त्या कामाशी संबंध नसलेल्या घरच्या माणसाला देऊन एवढेच विचारावे: हे पत्र तुम्हाला आले असते तर तुम्ही काय केले असते? उत्तर आपल्या अपेक्षेसारखे आले नाही तर चूक वाचणाऱ्याची नाही. हेच पत्र पुढच्या आठवड्यात इंग्रजीत लिहावे, पण मराठीवरून शब्दाला शब्द ठेवून नव्हे, त्याच माहितीवरून नव्याने. मराठी पत्र युनिकोडमध्येच टंकलिखित करावे. जुन्या फाँटमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की वाचता येत नाही, आणि मग उत्तम मसुदाही वाया जातो. पत्रांनंतर बैठकीचे इतिवृत्त, मग एखाद्या प्रश्नावरील दोन पानी टिपण, आणि शेवटी आपण लिहिलेला प्रोग्रॅम कसा वापरावा हे कार्यालयातील सहकाऱ्याला समजावणारी सूचनापत्रिका, या क्रमाने जावे. त्यातील शेवटचे काम सर्वांत कठीण आहे. संगणक क्षेत्रात तसे लिहू शकणारी माणसे फार कमी भेटतात.

पदवीचा प्रश्न आता घेते. सप्टेंबर २०२० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रमांचे नवे नियम केले, आणि मान्यताप्राप्त संस्थेकडून त्या नियमांनुसार घेतलेली ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानावी, असे आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. परंतु येथे दोन बारकावे आहेत, आणि त्यांवर अनेकांची फसगत होते. पहिला असा, की मान्यता संस्थेला सरसकट नसते. ती विशिष्ट अभ्यासक्रमाला आणि विशिष्ट सत्राला असते, आणि दूरस्थ पद्धतीची मान्यता म्हणजे ऑनलाइन पद्धतीची मान्यता नव्हे. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या सत्राच्या यादीत तो अभ्यासक्रम स्वतः शोधावा, संस्थेने पाठवलेल्या छायाप्रतीवर विसंबू नये. दुसरा असा, की काही विषयांच्या पदव्या या मार्गाने देताच येत नाहीत. अभियांत्रिकीची पदवी त्यांपैकी एक. काही अभिमत विद्यापीठांनी दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये दिलेल्या निकालाने, नोकरीत वर्षानुवर्षे काढलेल्या माणसांच्याही पदव्या प्रश्नांकित झाल्या. त्यामुळे घरबसल्या बी.टेक. देतो म्हणणाऱ्याशी पुढे बोलूच नये.

आपल्याला पुढे पदवी घ्यायचीच असेल तर तीन रस्ते मला विचार करण्याजोगे वाटतात. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून मराठीतून शिकण्याची सोय देत आले आहे आणि शुल्काचा भार तुलनेने कमी आहे. ज्याला इंग्रजीची भीती वाटते आणि पदोन्नतीसाठी पदवी हवी आहे त्याच्यासाठी तो रस्ता सन्मानाचा आहे. इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, हा दुसरा. तिसरा आहे आयआयटी मद्रासचा २०२० मध्ये प्रोग्रॅमिंग व डेटा सायन्स या नावाने सुरू झालेला, आता डेटा सायन्स अँड ॲप्लिकेशन्स या नावाने चालणारा पदवी अभ्यासक्रम, आणि आपल्या प्रश्नातील तीनही विषय एकत्र आणणारी रचना मला त्यातच दिसते. पायाभूत स्तरावर गणित, संख्याशास्त्र, संगणकीय विचारपद्धती आणि पायथन यांच्या जोडीला इंग्रजीचे दोन विषय सक्तीचे आहेत, आणि पुढच्या स्तरावर डेटाबेस व जावाबरोबर व्यवसायाच्या आकडेवारीचे विषय येतात. अकरावीत गणित सोडलेल्या वाणिज्याच्या विद्यार्थ्यालाही त्यात येता येते, कारण बारावी उत्तीर्ण असणे आणि दहावीला गणित व इंग्रजी असणे एवढी त्याची अट आहे. मात्र आधी चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यावी लागते, परीक्षा केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात, आणि संपूर्ण चार वर्षांच्या पदवीची १४२ श्रेयांके (क्रेडिट) आहेत. पायाभूत स्तर, पदविका, तीन वर्षांची पदवी अशा टप्प्यांवर बाहेर पडण्याची सोय आहे, आणि नोकरी करणाऱ्याने ती कमीपणाची मानू नये. आमच्या महाविद्यालयातून त्यात गेलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी एका सत्रात दोनच विषय घेतले ते टिकले, आणि चार घेणारे बहुतेक पहिल्याच वर्षी थकले.

आता त्या संस्थेच्या प्रस्तावाकडे परत येते. बिनव्याजी हप्ते म्हणून जे सांगितले जाते ते बहुतेक वेळा आपल्या नावावर एखाद्या वित्तसंस्थेने दिलेले कर्ज असते. पैसे शिकवणाऱ्या संस्थेला सुरुवातीलाच मिळतात, आणि आपण दुसऱ्या महिन्यात शिकणे सोडले तरी हप्ते चालू राहतात. माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका मुलीने अशा कर्जाचे हप्ते, वर्ग बंद झाल्यानंतरही, चौदा महिने भरले. संस्था जर एखाद्या विद्यापीठाच्या ‘सहकार्याने’ पदवी देऊ असे म्हणत असेल तर अधिक सावध व्हावे, कारण विद्यापीठाने आपला अभ्यासक्रम अशा कंपनीमार्फत चालवायला देणे नियमात बसत नाही, असे आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये जाहीरपणे बजावले आहे. आपण त्यांना तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: माझे लेखन आणि प्रोग्रॅम कोण तपासणार आणि किती दिवसांत परत देणार, मध्येच सोडल्यास किती रक्कम परत मिळणार, आणि करारात माझी सही संस्थेच्या कागदावर आहे की कर्जाच्या कागदावर. दूरध्वनीवरील उत्तर धरू नये. लेखी उत्तर देण्यास टाळाटाळ झाली, तर तेच उत्तर समजावे.

आपल्या दीड-दोन तासांचा हिशेब मी असा मांडेन. स्वयमची सत्रे जानेवारी आणि जुलैत सुरू होतात. येत्या सत्रात पायथनचा एकच अभ्यासक्रम परीक्षेसह घ्यावा, आणि त्यासाठी आठवड्यातील चार रात्री ठेवाव्यात. पाचव्या रात्री एक पान लिहावे आणि तपासणाऱ्याकडे पाठवावे. हे पूर्ण वर्षभर, कोणत्याही प्रमाणपत्राशिवाय, चालू राहिले पाहिजे. सत्र सुरू व्हायला अवकाश असेल तेवढ्या दिवसांत कीर्द-खतावणीचा तो कागदावरचा महिना उरकून घ्यावा. १२ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम ८ गृहपाठांचेच गुण धरले जातात, त्यामुळे वार्षिक हिशेबाच्या गर्दीत एखादा आठवडा चुकला तरी घाबरून सोडून देऊ नये, पण ती सवलत पहिल्याच महिन्यात खर्चून टाकू नये. दुसऱ्या सत्रात उधारीच्या पत्रकाचा प्रोग्रॅम, त्याची सूचनापत्रिका, आणि त्याच्या जोडीला वित्त विषयाचा एक अभ्यासक्रम. मालकांची परवानगी घेऊन, ग्राहकांची नावे बदलून हे काम आपण स्वतंत्र धारिकेत जपून ठेवावे. मुलाखतीत मी बसते तेव्हा पाच प्रमाणपत्रांपेक्षा असे एक काम मला उमेदवाराविषयी अधिक सांगते, आणि पदवीसाठी पात्रता परीक्षा द्यावी की नाही हेही आपल्याला तोपर्यंत स्वतःच्या अनुभवावरून ठरवता येईल.

परीक्षेचे शुल्क भरण्याची मुदत अभ्यासक्रम सुरू झाल्यानंतर काही आठवड्यांनी संपते आणि ती वेगळी पाळावी लागते. नाव नोंदवले म्हणजे परीक्षेला बसता येईल असे समजून राहिलेले विद्यार्थी दर सत्रात भेटतात, म्हणून ती तारीख नोंदणीच्याच दिवशी दिनदर्शिकेत लिहून ठेवावी. जवळचे परीक्षा केंद्र निवडण्याचा अर्जही त्याच वेळी भरला जातो.